नळाला पिवळट पाणी येतंय, आरओवाला म्हणतो विष आहे, ग्रामपंचायत म्हणते ओके आहे. नक्की कुणाचं ऐकायचं?

सासुरवाशीण_सातारा:

नमस्कार मंडळी, नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव कोरेगाव साइडला, दोन-अडीचशे उंबरा असेल. पाण्याची विहीर ओढ्याच्या कडेला आहे, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, तिथून मोटरने पाणी शाळेजवळच्या टाकीत चढवतात आणि टाकीतून दिवसाआड सकाळी नळाला सोडतात, ते पण पाऊण तास मिळालं तर नशीब, लाईट गेली की तेही नाही. उन्हाळाभर पाणी बरं होतं. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र नळ आला की पहिल्या दोन-तीन घागरी पिवळट, तळाला गाळ, मग हळूहळू निवळ येतं. वासाचं तर काही सांगूच नका, एखाद्या दिवशी टीसीएलचा, म्हणजे जंतू मारायला टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीचा, असा भपकारा की चहा तोंडात धरवत नाही आणि पुढच्या पाण्याला टीसीएलचा वास अजिबात नाही पण काहीतरी कुबट, गटारासारखा वास.

आता मेन गोष्ट. गावात आरओ विकणारा एकजण आला होता. त्याने पेनसारखं मशीन आमच्या पाण्यात बुडवलं, ६४० आकडा आला, म्हणाला टीडीएस खूप आहे. मग पिशवीतनं दुसरंच यंत्र काढलं, दोन ग्लास ठेवले, एकात आमचं पाणी एकात त्याच्या बाटलीतलं, दोन्हीत सळ्या सोडल्या आणि वायर प्लगला लावली. मिनिटभरात आमच्या ग्लासात तांबडा-काळपट गाळ आणि वर फेस, त्याचं पाणी होतं तसंच! सासूबाई अगं बाई करून मागंच सरकल्या. तो म्हणतो वहिनी हे रोज तुमच्या लेकराच्या पोटात जातंय. मुलगी आठ महिन्यांची आहे, वरचं खाणं आत्ताच सुरू केलंय, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. मशीन १४ हजार, हप्त्याने पण देतो म्हणे.

ह्यांचं म्हणणं घेऊन टाकू. सासरे म्हणतात आम्ही ह्याच विहिरीचं पाणी पिऊन सत्तरी गाठली, तुमचीच नाटकं. ग्रामपंचायतीत विचारलं तर मे महिन्यात सँपल पाठवलेलं, पिण्यास योग्य असा रिपोर्ट आलाय एवढंच सांगितलं, कागद काय दाखवला नाही. आणि गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब चालू आहेत, डॉक्टर म्हणतात पावसाळ्यात व्हायचंच.

तर आरओ घेऊ का? का आधी पाणी कुठंतरी तपासून घेऊ? आणि तपासायचं तर कुठं, किती पैसे, कुणाला भेटायचं, सगळंच सांगा.

बिनधास्त_बंड्या:

ताई घेऊन टाका आरओ आणि विषय संपवा. लेकराच्या तब्येतीपेक्षा १४ हजार जास्त आहेत का. ग्रामपंचायतीच्या नादी लागाल तर पोरगी कॉलेजला जाईल तरी रिपोर्ट मिळणार नाही 😀

लॅबवाली_मेघा:

बंड्या, थांब जरा. ताई, तुम्ही पण थांबा, पैसे देऊ नका अजून.

मी पाणी तपासणीच्याच लॅबमध्ये कामाला आहे. त्या सळ्यांचा खेळ आधी सांगते कारण तो प्रकार बघून भलीभली माणसं घाबरतात. त्यातली एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, करंट वाहिला की ते लोखंडच झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो, तो तुम्हाला दिसलेला तांबडा गाळ. म्हणजे ती घाण तुमच्या पाण्यातली नाहीच, त्याच्या सळीची आहे! त्याच्या बाटलीत आरओचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नाहीत त्यामुळे करंटच धड जात नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. परत आला तर त्याला सांगा की दादा तुमच्या बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग लावा प्लग. तुम्ही स्वतः वायरीच्या भानगडीत पडू नका, त्यालाच करायला लावा.

आता टीडीएस. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम पण आले. आपल्याकडचा कातळ असा आहे की विहिरीचं, बोअरचं पाणी थोडंफार जड असायचंच. भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा असं आहे आणि दुसरा सोर्स नसेल तर २००० पर्यंत चालतो. तुमचा ६४०. डाळ शिजायला वेळ लागेल, भांड्याला पांढरा थर धरेल, बस. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाने, तर ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नकोच असं सांगितलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो पेनचा आकडा जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. काहीही म्हणजे काहीही नाही. अंगणातल्या डबक्यातलं पावसाचं पाणी मोजून बघा, शंभरच्या आत येईल, पिणार का? तुमच्याकडे गाळ येतोय, कुबट वास येतोय, शेजारी जुलाब आहेत, म्हणजे शंका जंतूंची आहे आणि आरओवाला बोलतोय क्षारांवर.

रासायनिक मध्ये मला फक्त एक गोष्ट बघावीशी वाटते ती नायट्रेट, कारण विहीर ओढ्याकाठी आणि आजूबाजूला ऊस असणारच, युरिया पडतोच. लिमिट ४५ मिलिग्रॅम लिटरला, ह्याला सवलत नाही. तान्ह्या बाळांना, त्यातही सहा महिन्यांच्या आतल्या, जास्त नायट्रेटचा त्रास होतो, रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही. तुमची मुलगी त्यातून थोडी पुढे आलीय पण एकदा बघून घ्या. आणि नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटेल तसं प्रमाण वाढतं. जंतूंना मात्र उकळणं एकदम बेस्ट.

रिटायर्ड_आरोग्यसेवक:

मेघाताईंनी बरोबर सांगितलं. मी आरोग्य खात्यात एमपीडब्ल्यू म्हणजे बहुउद्देशीय आरोग्यसेवक होतो, सगळी नोकरी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) आणि उपकेंद्राला गेली, टीसीएलच्या पोत्यांत आणि ओटीच्या, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या औषधाच्या, बाटल्यांत. तेव्हा माझं थोडं ऐका.

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. एखाद्या दिवशी टीसीएलचा भपकारा आणि एखाद्या दिवशी काहीच नाही. ह्याचा अर्थ टाकीत पावडर अंदाजपंचे पडतेय, नाहीतर पडतच नाहीये. बऱ्याच गावांत काय होतं सांगतो. पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून पडलेलं असतं, शेजारचं लोखंडी कपाट गंजून जातं त्या वाफेनं आणि पावडरीतला क्लोरीन उडून जातो. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, वीसच्या खाली गेला की ती पावडर नापास, नुसता चुना टाकल्यासारखं. वर ती टाकायची पण पद्धत आहे. पाणी सोडणारा घाईत असतो, शिडी चढतो, डबाभर कोरडी पावडर टाकीत ओततो, उतरतो आणि लगेच व्हॉल्व्ह फिरवतो. असं नाही चालत. बादलीत आधी पावडरीची पातळ पेस्ट करायची, पाणी घालून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. मग निदान अर्धा तास थांबायचं, क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो, आणि त्यानंतर पाणी सोडायचं. प्रमाण म्हणाल तर चांगली पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरतात, पण पावसाळ्यात पाणी गढूळ असलं की क्लोरीन गाळातच खर्च होतो, म्हणून तेव्हा डोस टेस्ट करून ठरवावा लागतो, हॉरॉक्स टेस्ट म्हणतात तिला.

दुसरी गोष्ट पाइपलाइनची. ह्याच्याकडे कुणी बघतच नाही. पाणी पाऊण तास चालू आणि बाकी दोन दिवस पाइप रिकामा. रिकाम्या पाइपात उलटी ओढ तयार होते आणि जिथं जिथं लीकेज आहे तिथनं बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. आता तुमच्या गावात पाइप कुठनं गेलाय बघा, बऱ्याच गावांत गटाराच्या तळातनं किंवा गटार ओलांडून गेलेला असतो. पाणी सोडलं की ते आत आलेलं सगळं पहिल्या दोन-तीन घागरींत तुमच्या घरात. म्हणून पहिलं पाणी पिवळं आणि कुबट, नंतर निवळ. विहीर खराब असती तर शेवटपर्यंत तसंच आलं असतं.

आता मला सांगा. एक, तुमचं घर टाकीपासून जवळ का लाइनीच्या शेवटाला? दोन, तुमचा नळ जमिनीच्या वर आहे का खड्ड्यात? तीन, नळाला तोटी आहे का? आणि चार, गल्लीत किती जण नळाला डायरेक्ट मोटर लावतात? खरं सांगा, मी काय कुणाला दंड करायला येत नाही आता.

सासुरवाशीण_सातारा:

काका तुम्ही आमच्या गावात येऊन गेलाय का 😅 घर शेवटाला, मारुतीच्या देवळामागं. नळ खड्ड्यातच आहे, गुडघाभर खड्डा, कारण वर पाणी चढतच नाही, पावसाचं पाणी त्यात साचतं आणि नळाचं तोंड कधीकधी त्यात बुडलेलं असतं, मग आधी तांब्यानं खड्डा उपसायचा आणि मग घागर लावायची. तोटी नाही, होती ती गेली. मोटर आमच्याकडे नाही, पण गल्लीत चार-पाच घरी आहेत, त्यांनी चालू केल्या की आमची धार करंगळीएवढी होते.

मे महिन्याचा रिपोर्ट आहे म्हणतात त्याचं काय मग? तो खोटा का?

रिटायर्ड_आरोग्यसेवक:

खोटा असेलच असं नाही ताई. मे मध्ये पाऊस नव्हता, ओढा कोरडा, सँपल विहिरीवर नाहीतर टाकीखालच्या नळाला घेतलेलं असणार. तिथलं पाणी तेव्हा चांगलं असेलही. पण तुम्ही टाकीजवळ राहत नाही ना. सँपल शेवटच्या घरातनं घ्यायला पाहिजे, आणि पावसाळ्यात घ्यायला पाहिजे.

खड्ड्यातला नळ म्हणजे तर खड्ड्यातलं पाणी प्यायचा राजमार्ग. पाणी बंद झालं की नळ तेच पाणी उलटं ओढून घेतो, आणि ते तुमच्याच घरात राहत नाही, मेन लाइनीत जातं. तुमच्या शेजारणीच्या जुलाबाला तुमचा खड्डा आणि तुमच्या जुलाबाला तिचा. शेजारची मोटर चालू झाली की ती ओढ आणखी वाढते.

काय करायचं ते सांगतो. आशाताईंना गाठा. गावात पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग दिलेलं असतं जलजीवन मिशनमध्ये, त्यांच्याकडे एफटीके नावाचं किट असतं, पेटीत पडून असतं बहुतेक. त्यात नायट्रेट, फ्लोराइड, हार्डनेस असं बरंच काही घरच्या घरी कळतं. जंतूंसाठी वेगळी एच टू एस ची छोटी बाटली येते, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून गरम जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली की समजायचं पाणी दूषित. आणि ग्रामपंचायतीत जलसुरक्षक म्हणून माणूस असतो, त्याच्याकडे ओटी असते. नळाचं पाणी नळीत घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकले की लगेच पिवळा रंग यायला पाहिजे. शेवटच्या घराला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दाखवला पाहिजे, ते बंधनकारक आहे. पिवळं झालंच नाही तर क्लोरीन तुमच्यापर्यंत पोचतच नाही. टेस्ट झाली की ते पाणी फेकून द्या, ओटी पोटात जायची वस्तू नाही.

टाकीखाली एक आणि तुमच्या घरी एक, दोन्ही एकाच सकाळी करा. दोन्हीचा फरकच सगळं सांगेल.

खारपाणपट्ट्यातला_गजू:

६४० टीडीएस म्हणून रडून राहिले तुम्ही! आमच्याकडे या भाऊ, पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याचा खारपाणपट्टा. आमच्या गावच्या बोअरचं पाणी जनावरं पण तोंड वाकडं करून पितात. साबणाला फेस येत नाही, वरण शिजत नाही, आणि किडनीचे पेशंट प्रत्येक गावात. इथं आरओ म्हणजे शौक नाही, गरज आहे, नाहीतर दूरच्या धरणावरून पाइपलाइनचं पाणी येते त्याची वाट पाहा.

म्हणून म्हणतो आरओ वाईट अन् उकळणं चांगलं असं सगळ्या महाराष्ट्राला एका मापानं सांगू नका. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडची गावं आहेत, तिथं लहानपणीच दात पिवळे-तपकिरी होतात, हाडं वाकतात, ते उकळून जाते का? नाही. ज्याच्या त्याच्या पाण्याचा रोग वेगळा.

अन् दुसरं, पाण्यावर लगेच बिल पण फाडू नका. शेगाव तालुक्यात लोकायचे केस गळायला लागले होते २०२४ च्या शेवटी, टीव्हीवर पाहिलं असेल, दोन-तीन दिवसांत टक्कल. सगळे म्हणे पाणी पाणी. पाण्यात नायट्रेट जास्त सापडलं पण होतं. मग पुढे गव्हातल्या जास्त सेलेनियमची गोष्ट निघाली. सांगायचा मतलब, तपासल्याशिवाय काहीच कळत नाही.

लॅबवाली_मेघा:

गजूभाऊ एकदम पटलं. तुमच्याकडे आरओच पाहिजे. सातारच्या ताईंना नाही. तिथे ज्यांना मशीन घ्यायचंच असेल त्यांनी आधी गाळाचा फिल्टर आणि मग यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) किंवा यूएफ (अगदी बारीक जाळीतून गाळणारं) वालं बघावं, निम्म्या किमतीत येतं आणि पाणी वाया जात नाही. आरओ एक ग्लास पाणी द्यायला दोन-तीन ग्लास बाहेर टाकतो, दिवसाआड पाऊण तास पाणी येणाऱ्या घरात ते कसं परवडणार! यूव्हीचं पण एक आहे, गढूळ पाण्यात तो काम करत नाही, गाळाच्या आड जंतू लपतात, आणि लाईट नसेल तर मशीन नुसतं भिंतीची शोभा.

धायरीकर:

मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याकडे जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ आली तेव्हा काय हाल झाले ते मी बघितलंय. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हाच सगळा भाग. चालती-बोलती माणसं, पायात मुंग्या आल्या म्हणून दवाखान्यात गेली ती थेट व्हेंटिलेटरवर. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू निघाला, नोरोव्हायरस पण, आणि बोट गेलं दूषित पाण्याकडे. हा भाग महापालिकेत नव्याने आलेला, विहिरीचं पाणी, क्लोरीनचा पत्ता नीट नाही.

त्या वेळी आम्ही सगळे जारच्या पाण्यावर गेलो, शहाणे ना आम्ही. मग महापालिकेने खासगी आरओ प्लान्टचं पाणी तपासलं तर त्यातही काही ठिकाणी दूषित निघालं आणि प्लान्ट बंद करायला लावले. तर हे ध्यानात ठेवा, तो वीस लिटरचा गार जार येतो ना, त्याला ना सील ना आयएसआय, आरओ केल्यावर त्यातला उरलासुरला क्लोरीन पण गेलेला असतो, नंतर जार नीट धुतला नाही की संपलं. गावात पाच रुपयांत कॅन भरून देणारं एटीएम असेल तर त्याचं पाणी पण एकदा त्या एच टू एस च्या बाटलीत भरून बघा.

साधा_सदस्य:

मी एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, तुमच्या गावचा नाही, पण सगळे पंचायतीला शिव्या घालतायत म्हणून बोलतो. पाणीपट्टी मागायला गेलं की अर्धं गाव घरात नसतं. मोटरचं बिल पंचायतीनं भरायचं, पावडर पंचायतीनं आणायची, पाणी सोडणाऱ्याला महिन्याला जे देतो त्यात त्याचं पेट्रोलसुद्धा निघत नाही, आणि तो टाकीवर चढून पडला तर परत आमच्याच नावानं बोंब. मोटरी कोण लावतं? तोट्या कोण काढून ठेवतं? खड्डे कोण खणतं? तोट्या आम्ही दोनदा बसवल्या, महिन्यात गायब. खड्डा बुजवायला गेलो तर सरपंचाच्या चुलत्याचाच नळ सगळ्यात खोल निघाला, मग काय बोलता.

पण एक सांगतो, पैसा नाही हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. वित्त आयोगाचा बराचसा निधी बंधित असतो, म्हणजे पाणी आणि स्वच्छता अशा ठरलेल्या कामांनाच वापरायचा. पाइप बदलणं, व्हॉल्व्ह, टाकी धुणं, क्लोरीनचा पंप बसवणं हे सगळं त्यात बसतं, फक्त गावाच्या विकास आराखड्यात कामाचं नाव पाहिजे आणि आराखडा ग्रामसभेत होतो. ग्रामसभेला मात्र पंधरा माणसं, त्यातली दहा आमचीच. पुढची १५ ऑगस्टला आहे, बायकांना घेऊन जा आणि विषय लेखी द्या. तोंडी बोललेलं प्रोसिडिंगला येत नाही.

रिटायर्ड_आरोग्यसेवक:

सदस्य साहेब खरं बोलले, दोन्ही बाजूंनी. ताई, लेखी देताना गावाला कोणतं कार्ड आहे ते पण विचारा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असा वर्षातनं दोनदा सगळ्या पाण्याच्या जागांचा सर्वे होतो आणि जोखीम बघून लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. पाच वर्षं सलग हिरवं राहिलं तर चंदेरी. लाल असेल तर ते दाबून ठेवायची पद्धत आहे, भिंतीवर लावायला सांगा.

आणि हे सगळं होईपर्यंत घरात काय करायचं तेही लिहितो नाहीतर तुम्ही ग्रामसभेची वाट बघत बसाल. नळ आला की पहिल्या घागरी सडा-सारवण, भांडी, झाडं ह्याला घ्या, प्यायचं पाणी धार निवळली की मगच. दुहेरी सुती फडक्यातनं गाळा. फारच गढूळ असेल तर तुरटी फिरवा आणि वरचं निवळ पाणी काढून घ्या, पण तुरटीनं फक्त गाळ बसतो, जंतू मरत नाहीत हे विसरू नका. मग मुलीसाठी तरी खळखळ उकळून, निदान मिनिटभर उकळी राहू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा. सगळ्यांसाठी गॅस परवडत नसेल तर आशाताईकडनं मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब आणि अर्धा तास थांबायचं. आणि हंड्यात तांब्या बुडवणं बंद, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. बरेच जुलाब हंड्यात बुडणाऱ्या हातांनी पण होतात.

सासुरवाशीण_सातारा:

अपडेट देतेय. उशीर झाला कारण आशाताई ट्रेनिंगला गेल्या होत्या.

आधी गंमत सांगते. तो आरओवाला खालच्या आळीला परत आला होता, मी मुद्दाम गेले आणि मेघाताईंनी सांगितलं तसं म्हटलं दादा तुमच्या ग्लासात जरा मीठ टाका ना. तर म्हणतो कंपनीची परवानगी नाही! सगळ्या बायका हसायला लागल्या, त्यानं वायर गुंडाळली आणि निघाला.

आता मेन. किट अंगणवाडीच्या कपाटात सापडलं, पण त्यातल्या बऱ्याच केमिकलची तारीख उलटलेली, मग आशाताईंनी पीएचसीतनं दुसरं आणलं. पाणी सोडायच्या दिवशी आम्ही चौघीजणी टाकीखाली गेलो. तिथं ओटी टाकली तर मस्त पिवळं. तिथनं पळत आमच्या घरी, नळाला पाणी आल्यावर घेतलं आणि टाकली, काहीच नाही, साधं पाणी. शेवटी शेवटी जरा फिकट रंग आला. एच टू एस च्या दोन बाटल्या भरल्या, दोन्ही चुलीमागच्या कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या नळाची काळीकुट्ट, टाकीची होती तशीच. सासऱ्यांनी स्वतः बाटली उजेडात धरून बघितली, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी फावडं घेऊन खड्ड्यापाशी गेले. नायट्रेट किटमध्ये २० आणि ५० च्या मध्ये कुठंतरी रंग येतोय, नीट कळत नाही, म्हणून ते सँपल आशाताईंनी तालुक्याच्या लॅबला पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.

मग पाणी सोडणारे तात्या आणि आम्ही लाइनीच्या कडेनं चालत गेलो. देवळाच्या अलीकडे जिथं दोन्ही आळ्यांचं गटार एक होतं तिथं पाइप गटारात बुडालेला आहे आणि जॉइंटला सायकलची ट्यूब गुंडाळलेली! तात्या म्हणाले ही मीच बांधली होती, तात्पुरती. कधी विचारलं तर म्हणाले सरपंच बदलायच्या आधी.

दोन्ही बाटल्या घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. कागद दाखवायला नाही म्हणणारे साहेब बाटली बघून उठून उभे राहिले. तो तुकडा बदलून पाइप गटाराच्या वरून न्यायचं कबूल केलंय, पाइप आलाय पण, शाळेच्या आवारात टाकलाय. मोटरवाल्यांचा विषय निघाला की मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यातलं एक घर माझ्या चुलत सासऱ्यांचं आहे त्यामुळे घरात सध्या जरा ताणाताणी चालू आहे.

काका, जॉइंट बदलल्यावर लगेच पाणी प्यायचं का?

रिटायर्ड_आरोग्यसेवक:

शाब्बास पोरींनो. लगेच नाही प्यायचं. जोड पक्का झाला की एकदा टाकीत नेहमीपेक्षा जास्त टीसीएल टाकून ते पाणी लाइनीत सोडायला सांगा आणि रात्रभर पाइपात भरून ठेवा, त्या दिवशी दवंडी द्या की हे पाणी प्यायचं नाही, जनावरांना पण पाजायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे नळ उघडून ते वाहू द्या, टीसीएलचा उग्र वास जाईपर्यंत. मग परत ओटी आणि परत काळी बाटली, तुमच्याच घरातनं. बाटली दोन दिवस काळी झाली नाही तर प्या. आणि टाकी शेवटची कधी धुतली ते टाकीवर बाहेरून लिहिलेलं असायला पाहिजे, तात्यांना बघायला सांगा.

लॅबवाली_मेघा:

नायट्रेटचा रिपोर्ट आला की इथे टाका ताई. ४५ च्या वर असेल तर मुलीच्या खाण्या-पिण्याला त्या विहिरीचं पाणी वापरू नका, दुसरी विहीर किंवा हातपंप तपासून घ्या. आणि जलजीवनच्या पोर्टलवर गावाचं नाव टाकून बघा, लॅबचे रिपोर्ट तिथे चढवतात, मे महिन्याचं सँपल नक्की कुठून घेतलं होतं तेही कळेल.

बिनधास्त_बंड्या:

१४ हजार वाचले ना, मग पार्टी कधी. आणि ते सायकलच्या ट्यूबचा फोटो टाका राव.